पेरोनीज आजारावरील ताण देणारे उपकरण: सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

पेरोनीज आजारामुळे शिश्नाला आलेला वाकडेपणा कमी व्हावा म्हणून मूत्ररोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मी हे उपकरण सलग सहा महिने वापरले. सोबतच्या माहितीपत्रकात ज्या गोष्टी एका शब्दानेही सांगितलेल्या नाहीत, त्या नव्याने घेणाऱ्याला आधीच कळाव्यात, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

उपकरण नेमके काय करते हे समजण्यासाठी आधी आजार समजून घ्यावा लागतो. ताठरता आणणाऱ्या दोन दंडाकृती भागांभोवती एक चिवट आवरण असते आणि ते सर्व बाजूंनी सारखे ताणले जाते, म्हणून लिंग सरळ राहते. या आवरणाला झालेली एखादी दुखापत, जी बहुतेकदा घडल्याचे लक्षातही येत नाही, काही पुरुषांमध्ये नीट भरून येत नाही. तिथे कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा कठीण व्रण तयार होतो, तेवढा भाग ताणला जात नाही आणि लिंग त्या बाजूला वाकते. फ्रान्सचे शल्यविशारद फ्रान्स्वा द ला पेरोनी यांनी 1743 मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. हा कर्करोग नव्हे आणि तो जोडीदाराला लागतही नाही. ही दोन वाक्ये मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती, तर हाताला लागलेली वाटाण्याएवढी गाठ मी चार महिने पत्नीपासूनही लपवून ठेवली नसती.

डॉक्टरांनी सर्वांत आधी माझे दोन्ही तळहात उघडायला लावले, कारण तळहाताच्या त्वचेखालील ऊती आखडून बोटे वाकण्याचा एक विकार या आजाराच्या जोडीने आढळतो. मधुमेहाची चौकशी केली, ताठरता टिकते का हे विचारले, आणि घरी ताठरतेच्या वेळी वरून व बाजूने छायाचित्र काढून आणायला सांगितले. त्या छायाचित्रावर कोनमापक ठेवला तेव्हा वाक सुमारे 45 अंशांचा निघाला. मनातल्या मनात मी तो याहून कितीतरी जास्त धरून बसलो होतो.

आता उपकरणाकडे वळतो. मुळाशी एक कडे, दोन्ही बाजूंना स्प्रिंग असलेल्या दोन दांड्या आणि टोकाला शिश्नमुंडाच्या मागे बसणारा सिलिकॉनचा पट्टा, एवढीच त्याची रचना आहे. जुन्या धाटणीची अशी उपकरणे दिवसातून कित्येक तास लावावी लागत. हे मला अर्धा तास, दिवसातून दोनदा लावायला सांगितले होते, त्यामुळे नोकरी सांभाळून ते जमले. पहिल्या आठवड्यात मात्र पट्टा मी जरुरीपेक्षा जास्त आवळला आणि दहाव्या मिनिटाला टोक थंड पडून निळसर दिसू लागले. माहितीपत्रकात ‘आरामदायक वाटेल इतका’ एवढेच लिहिले आहे, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे, कारण रंग बदलला, बधिरपणा आला किंवा गारठा जाणवला तर उपकरण तत्काळ काढावे आणि ते लावून कधीही झोपू नये, हे ठळक अक्षरांत छापायला हवे होते. हे मला डॉक्टरांना दूरध्वनी केल्यावर कळले. त्यानंतर पट्ट्याखाली मऊ सुती जाळीपट्टीचा एक वेढा घेऊ लागलो आणि दांड्यांचा स्क्रू आठवड्यातून एकदा, एकच फेरा फिरवू लागलो, त्रास थांबला.

सहा महिन्यांनंतर वाक सुमारे 35 अंशांवर आला आणि आखडलेल्या लांबीपैकी साधारण एक सेंटीमीटर परत मिळाली. गाठ हाताला अजून लागते. ताठरतेच्या वेळची वेदना गेली आहे, पण तिचे श्रेय मी उपकरणाला देणार नाही, कारण आजाराचा सुरुवातीचा टप्पा ओसरला की ती बहुतेकांमध्ये आपोआप कमी होते. खोक्यावरचे ‘पूर्ण सरळ’ हे आश्वासन मला दिशाभूल करणारे वाटते. शरीरसंबंधात अडचण येत नाही इतपत सुधारणा झाली, आणि आम्हा दोघांना ती पुरेशी आहे.

ज्यांचा वाक फार मोठा आहे त्यांनी केवळ या उपकरणाच्या भरवशावर राहू नये. व्रणातील कोलॅजन विरघळवणाऱ्या कोलॅजनेज इंजेक्शनला अमेरिकेत 2013 मध्ये किमान 30 अंश वाक असलेल्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली; त्यात आवरण फाटण्याचा धोका असल्याने ते प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच घ्यावे लागते. शस्त्रक्रियेचा विचार वाक काही महिने स्थिर राहिल्यावरच होतो. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मी उपकरणाच्याही आधी घेत होतो. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे त्या देऊ नयेत असेच सांगतात, आणि त्यांनी मला काही गुणही आला नाही.

विक्रीपश्चात सेवेबद्दल सांगायचे तर, पट्ट्याच्या ताणाविषयी विचारलेल्या माझ्या दोन्ही पत्रांना उत्तर आले नाही. चौथ्या महिन्यात पट्टा सैल होऊन घसरू लागला आणि नवीन येईपर्यंत अकरा दिवस खंड पडला, म्हणून उपकरण मागवतानाच एक जादा पट्टा घेऊन ठेवावा.