एमआयटीचा मोफत ‘८.३३३’ कोर्स: एमएस्सी फिजिक्सवाल्यांनी कसा वापरावा

एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावरचा ‘८.३३३ स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स १’ (असंख्य कणांच्या सरासरी वागण्यावरून पदार्थाचे गुणधर्म काढणारी शाखा) हा तिथले प्राध्यापक मेहरान कार्दार यांचा कोर्स. २०१३ च्या सत्रातली २६ व्याख्यानं, सगळी फळ्यावर खडूने शिकवलेली. पैसे नाहीत, नोंदणी नाही, आणि बोललेलं सगळं इंग्रजीत लिहूनही मिळतं. शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्यांनी किंवा नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांना बसणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. फक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता बघत सुटू नये.

पहिली चार व्याख्यानं थर्मोडायनॅमिक्सची. इथे चिन्हांचा घोळ होतो. बीएस्सीला आपण बहुधा वायूने केलेलं काम धन धरतो. कार्दार प्रणालीवर झालेलं काम धन धरतात आणि दाब, ताण, चुंबकीय क्षेत्र सगळं ‘बल गुणिले विस्थापन’ या एकाच साच्यात बसवतात. त्यात दाबाला उणे चिन्ह लागतं. या बल-विस्थापन जोड्यांचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या, नाहीतर मॅक्सवेलचे संबंध (दाब, तापमान वगैरेंच्या बदलांना जोडणारी समीकरणं) काढताना चिन्हं उलटी पडतात. या भागात आकड्यांची उदाहरणं फार कमी आहेत, ती आपणच घालायची. क्लॉशियस-क्लॅपेरॉन (दाबाप्रमाणे उत्कलनबिंदू कसा बदलतो ते सांगणारं समीकरण) आलं की कोल्हापुरात पाणी किती अंशाला उकळतं ते काढा. उंची सुमारे ५७० मीटर, तिथला दाब साधारण ९४.७ किलोपास्कल, बाष्पीभवनाची उष्णता मोलला ४०.७ किलोज्यूल. दाब एक किलोपास्कल घटला की उत्कलनबिंदू ०.२८ अंश उतरतो, म्हणजे उत्तर ९८ अंशांच्या जवळ येतं.

पाचवं आणि सहावं व्याख्यान प्रोबॅबिलिटीचं. ‘हे तर येतंय’ म्हणून नेमकी हीच दोन गाळली जातात, आणि कोर्सचा सगळा जीव यातच आहे. मोमेंट (चलाच्या घातांची सरासरी) आणि क्युम्युलंट (त्यातून सुट्या भागांचा वाटा काढून उरलेला जोडलेला भाग) यांचं नातं कार्दार ठिपक्यांनी दाखवतात: चौथा मोमेंट हवा तर चार ठिपके काढायचे आणि त्यांचे गट पाडायचे. चारही एकत्र, एक प्रकार. तीन आणि एक, चार प्रकार. दोन-दोन, तीन. दोन आणि दोन सुटे, सहा. चारही सुटे, एक. एकूण १५. हे हाताने काढून बघाच, कारण पंधराव्या व्याख्यानापासून परस्परक्रिया करणाऱ्या कणांचं क्लस्टर एक्सपान्शन (कणांचे गट पाडून परिणाम पायरीपायरीने मोजणं) सुरू होतं तेव्हा हाच हिशेब परत येतो. लॉगरिदम घेतल्यावर फक्त जोडलेले गटच का उरतात, हे तिथे अडतं ते पाचवं व्याख्यान न बघितल्यामुळे.

त्यापुढची कायनेटिक थिअरीची पाच व्याख्यानं म्हणजे नाद खुळा. लिऊव्हिलच्या प्रमेयात (कणांच्या सगळ्या स्थिती-संवेगांची घनता कशी वाहते ते सांगणारं) काळ उलटा फिरवला तरी काही बिघडत नाही. मग त्यावरूनच काढलेल्या बोल्ट्झमनच्या समीकरणात एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) वाढतेच कशी? टक्कर होण्याआधी दोन कण एकमेकांशी संबंधित नाहीत, असं गृहीत धरलेलं असतं. काळाची दिशा शिरते ती तिथे. ती पायरी नेमकी कुठे येते ते थांबून बघा, वहीत तिच्यावर खूण करा.

बारा ते चौदा ही क्लासिकल एन्सेम्बलची (प्रणालीच्या सगळ्या शक्य अवस्थांचा संच). इथे आरगॉनची एन्ट्रॉपी स्वतः काढायलाच हवी. २९८ केल्विन आणि १ बारला थर्मल तरंगलांबी (त्या तापमानाला अणूची क्वांटम तरंगलांबी) १६ पिकोमीटर येते आणि एन्ट्रॉपी मोलला १५४.८ ज्यूल प्रति केल्विन, जी उष्णता मोजून काढलेल्या किमतीशी जुळते. सारखे कण वेगळे ओळखता येत नाहीत म्हणून एन फॅक्टोरियलने (एन म्हणजे कणांची संख्या) भागायचं असतं; ते राहिलं तर एका मोलला सुमारे ६०२ येते. त्याच दाब-तापमानाला दोन मोल घेतले की ती दुप्पट न होता आणखी ११.५ ने वाढते. यालाच गिब्झचा विरोधाभास म्हणतात; तो पाठ करण्यापेक्षा हा आकडा एकदा हाताने आणलेला बरा.

क्वांटम वायूंचा भाग चोख आहे. तिथे द्रव हेलियमची घनता घालून बोस-आइन्स्टाइनचं तापमान (ज्याखाली कण सर्वात खालच्या अवस्थेत गोळा होऊ लागतात) काढा. ३.१ केल्विन येईल; हेलियमचं अतिप्रवाही होण्याचं प्रत्यक्षातलं संक्रमण २.१७ ला आहे, कारण हेलियमचे अणू एकमेकांना ढकलतात-ओढतात आणि सूत्र ते धरतच नाही.

कमतरता एकच, पण मोठी: नेटच्या अभ्यासक्रमात असलेलं आयझिंग मॉडेल (वर-खाली वळणाऱ्या छोट्या चुंबकांच्या जाळीचं) इथे शिकवलेलं नाही. क्रांतिक घटना (अवस्था बदलाच्या टोकाशी जे घडतं ते) आणि त्या सोडवायची रीनॉर्मलायझेशन ही पद्धत कार्दार यांच्या पुढच्या ८.३३४ कोर्समध्ये आहेत. निदान एकमितीय आयझिंग ट्रान्सफर मॅट्रिक्सने (शेजाऱ्यांचा हिशेब मॅट्रिक्सच्या गुणाकारात मांडण्याच्या पद्धतीने) स्वतंत्रपणे सोडवून ठेवा.

व्हिडिओ उतरवून घेता येतात. विभागाच्या वायफायवर एकदाच घ्या. दीड तासाच्या आतल्या एका व्याख्यानाला वहीसकट तीन तास धरा. सेमिस्टरची परीक्षा तोंडावर असेल तर ५, ६, मग १२ ते १४, मग २० ते २६ एवढंच करा आणि कायनेटिक थिअरी सुट्टीसाठी ठेवा.