ब्रिस्बेन की पर्थ?

ऑस्ट्रेलियात समुद्राजवळ, उबदार हवेत राहायला जायचं तर ही दोन नावं हमखास समोर येतात. नकाशावर दोन्ही शहरं किनाऱ्यालाच, पण हवा अगदी वेगळी.

ब्रिस्बेनचा पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी दमटपणा इतका की कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंना बुरशी धरते. हिवाळा मात्र कोरडा, स्वच्छ उन्हाचा, आणि माझ्या मते तोच या शहराचा खरा ठेवा. धोका आहे तो नदीचा. 2011 आणि 2022 मध्ये पुराचं पाणी घराघरांत शिरलं. म्हणून घर आवडलं तरी महापालिकेचा त्या पत्त्यासाठीचा पूर-अहवाल पाहिल्याशिवाय सही करू नका. तो मोफत मिळतो. शिवाय समुद्र दारात नाही. मोठ्या लाटांचे किनारे साधारण तासाभराच्या अंतरावर.

पर्थमध्ये किनारा शहरातच आहे. उन्हाळा कोरडा, पारा चाळिशी ओलांडतो, पण दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की जीव थंडावतो. पाऊस हिवाळ्यात, आणि तोही गेल्या काही दशकांत घटलाय, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा समुद्राचं पाणी गोडं करून मिळतो. भोवतालच्या झाडीत वणव्यांची भीती असते.

पर्थमध्ये सगळ्यात जड जातो तो एकटेपणा. जवळचं मोठं शहर ॲडलेड, 2,000 किलोमीटरहून लांब. दमा किंवा सांधेदुखी असेल तर फेब्रुवारीत दोन्हीकडे आठवडाभर राहून बघा. घरात लहान मुलं असतील, तर मी पर्थ निवडेन.