नीट परीक्षा बारावीसोबतच, की वर्षभर थांबून?

इंदूरच्या रामबागेतल्या भाचीला तिथल्याच एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकायचंय. यंदा नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यावी की एक वर्ष थांबावं, यावर घरात रोज चर्चा.

खर्चात यंदाचा पर्याय स्वस्त. थांबलं की भंवरकुआंच्या क्लासची आणखी एका वर्षाची फी.

खरा प्रश्न तयारीचा. 180 प्रश्न, 720 गुण, चुकलं की एक गुण वजा. निम्मे गुण जीवशास्त्राचे, ते तिचं पक्कं आहे. फिजिक्सची वही मात्र अकरावीच्या घूर्णन गतीपाशी थांबलीय, पुढची पानं कोरी.

कमाल वयाची अट नाही, पण परीक्षा वर्षातून एकदाच.

अकरावी पक्की असेल त्याने बारावीसोबतच द्यावी. एखादाच विषय कच्चा आणि एकट्याने नेटाने बसण्याची सवय असेल, त्याने थांबावं. बाळा, फिजिक्स कच्चं असलं तरी तू यंदा देच. गुण पाहून पुढचं ठरवू.