आईला ठेवलंय त्या सीनियर लिव्हिंगचा अकरा महिन्यांचा अनुभव (बेळगाव, खानापूर रोड)

ओळखीतले बरेच जण फोन करून विचारायलेत की ती जागा कशी आहे, आमच्या आईबाबांना ठेवायचं आहे, म्हणून एकदा सगळं बसून लिहिते. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण आई अजून तिथंच आहे आणि खाली काही तक्रारी पण आहेत. शहरातनं अर्ध्या तासावर, खानापूर रोडनं जाऊन आत वळायचं, एवढं पुरे.

आई आमची बेळगावातल्या शहापूरची, वय ७९. घरात माग होते, बाबा असेपर्यंत चालले. २०२४ च्या जूनमध्ये परसात शेवाळावरनं पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. भाऊ बंगळूरला, मी निपाणीला शाळेत, म्हणजे गाडीनं दीड तास तरी, रोज जाऊन येऊन करणं शक्यच नव्हतं. घरी दिवसरात्र बाई ठेवून बघितली, तीन महिन्यांत तीन बायका बदलल्या. शेवटी आईच म्हणाली, "असं एकटं पडून ऱ्हाण्यापेक्षा कुठंतरी नीट ठेवा की मला." त्यानंतर मी दोन रात्री झोपले नाही. आमच्याकडं अजून लोक म्हणतात की लेकीनं आईला आश्रमात टाकलं, त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत, पण मी तिला टाकलेलं नाही, दर रविवारी जाते आणि प्रत्येक गोष्ट बघून घेते.

आम्ही चार जागा बघितल्या. दोन ट्रस्टचे वृद्धाश्रम होते, माणसं चांगली पण वॉकरवाल्या पेशंटची सोय नाही, संडास लांब, एक पायरी वर एक पायरी खाली. तिसरी जागा टिळकवाडीत एका बंगल्यात, तिथं लिफ्ट नाही. चौथी ही. पहिल्या दिवशी आम्हाला दाखवलं काय तर गणपतीची मूर्ती असलेला मोठा हॉल, लायब्ररी, फिजिओची खोली, बाग, चालायचा ट्रॅक, टीव्हीची खोली. सगळं छान. पण मी हो म्हटलं ते बाथरूम बघून. दार तीन फूट रुंद, व्हीलचेअर सरळ आत जाते, उंबरा नाही, कमोडच्या दोन्ही बाजूला हँडल, फरशी खरखरीत, आणि बेलची दोरी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत खाली सोडलेली. हे फार कमी ठिकाणी असतं. बाकी सगळीकडं बेल भिंतीवर उभ्या माणसाच्या खांद्याला, आता जो माणूस पडलाय तो ती कशी दाबणार? आईचं हाड मोडलं तेव्हा ती परसात पाऊण तास हाका मारत पडली होती, म्हणून माझं लक्ष आधी तिथंच गेलं.

आता खरी गोष्ट, जी मला सगळ्यांना सांगायची आहे. अशी जागा दिवसा अकरा वाजता बघून कळतच नाही. रात्री बघा.

पहिल्या महिन्यात आई फोनवर एकच म्हणायची, "पोरी, रातच्याला बोलवालोय खरं कोण येईनात गं." मला वाटलं नवीन जागा आहे, सवय होईल. ऑक्टोबरमध्ये मी त्यांच्या गेस्ट रूमचे पैसे भरले पण झोपले आईच्याच खोलीत खुर्चीवर. रात्री दोनच्या सुमारास आईला बाथरूमला जायचं होतं, मी मुद्दाम उठवलं नाही, म्हटलं बेल दाब. सतरा मिनिटं लागली यायला. घड्याळ बघून सांगते. आणि जी मुलगी आली ती धावत आली, घाम आलेला, कारण वरच्या मजल्यावर एका आजोबांची चादर बदलत होती. दोन मजले, ४६ माणसं, त्यातली दहाबारा तरी अंथरुणाला खिळलेली, आणि रात्रीला फक्त दोन आया, सिस्टर नाहीच, ती फोनवर. दिवसा मात्र आठ आया, एक सिस्टर, फिजिओ, मॅनेजर, माळी, सगळे हजर, आणि आपण बघायला जातो ते दिवसा. त्या मुलीला मी काय बोलणार, तिची बारा तासांची ड्यूटी, तिचा काय दोष. सतरा मिनिटांत माझी आई वाट बघून स्वतः उठायला गेली असती तर दुसरा खुबा गेला असता. भीती तीच होती.

नोव्हेंबरमध्ये दुसरी गोष्ट झाली. आईला शुगर आहे, रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. तिथं जेवण संध्याकाळी सातला आणि सकाळी साडेसातला चहा, म्हणजे मधे साडेबारा तास पोटात काही नाही. एका पहाटे साडेचारला आईला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, शेजारच्या बेडच्या मावशींनी आरडाओरडा केला म्हणून आया आली, शुगर बघितली तर ५८. सत्तरच्या खाली गेली की लगेच साखर द्यायची असते, तिनं साखरेचं पाणी पाजलं आणि आई सावरली. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, असं कधीतरी होतंच या वयात." नाही होत. जेवणाची वेळ स्वयंपाकी लवकर घरी जावा म्हणून सातची ठेवलेली होती आणि इन्सुलिनचा डोस तसाच. मी डॉक्टरांना भेटून डोस बदलून घेतला आणि झोपताना दूध-बिस्कीट नाहीतर अर्धी भाकरी द्यायची असं लेखी लिहून घेतलं. आता नऊ वाजता सगळ्याच शुगरवाल्यांना काहीतरी देतात. त्यांनी बदल केला हे मान्य करते, पण तोपर्यंत कुणी विचारच केला नव्हता.

तसंच औषधांचा चार्ट. दुपारी चारला सहज फाईल उघडली तर रात्री नऊच्या गोळीपुढं सही झालेली! दिवसभराच्या सगळ्या सह्या सकाळीच करून टाकायच्या, म्हणजे नंतर गोळी दिली का राहिली कुणाला कळणार. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते ती चहाबिस्किटाबरोबर देत होते. तुम्ही जाल तेव्हा चार्ट मागा, आणि वेळ बघा आणि सही बघा. लाजू नका, आपण पैसे भरतो.

भाषेचं पण लिहायलाच पाहिजे, कारण आपल्या भागात हे असणारच. दिवसाच्या मावश्या वडगाव, अनगोळ, मच्छेच्या, सगळ्यांना मराठी येतं. रात्रीच्या आया बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या, त्यांना कन्नड सोडून काही येत नाही, आणि आईला बाजारापुरतं कन्नड. यात कुणाचा वाद नाही. बेळगावात आयुष्य काढलेल्या माणसाला दोन्ही कानांना सवय असते. पण दुखणं आपल्याच भाषेत येतं ना. आई "बरगडीखाली ओढ लागल्यागत होतंय" म्हणते, ते कन्नडमध्ये कसं सांगणार? ती नुसती "नोवु, नोवु" (दुखतंय, दुखतंय) म्हणायची आणि आया पाय चेपायला लागायची. मी एक कागद केला, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड, आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी लिहून दिला, छातीत दुखतंय, चक्कर येतेय, लघवीला जळजळतंय, श्वास लागतोय, गरम पाणी पाहिजे, असे वीसेक शब्द, मोठ्या अक्षरात, पलंगाजवळ चिकटवला. महिन्याभरात बाकीच्या मराठी आज्ज्यांच्या खोलीत पण तो गेला. खरंतर हे काम त्यांचं. अॅग्रीमेंट पण इंग्रजीत, आणि आवारातल्या सूचना कन्नड-इंग्रजीत. मी मराठीत कॉपी मागितली, दोन महिन्यांनी दिली.

आणि तिथलीच एक आया, बैलहोंगलकडची, आई तिला आक्का म्हणते, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. फेब्रुवारीत आईला ताप होता, आठ दिवस अंथरुणावर. पाठीच्या खाली माकडहाडाजवळ लाल डाग आला, तो आधी आक्कानं बघितला, दिवसाच्या कुणीही नाही. तिनं बोटानं दाबून दाखवलं, दाबलं तरी तो पांढरा होत नव्हता, तसाच लाल. ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते, तिथंच धरलं नाही तर चार दिवसांत कातडं फाटतं. त्या रात्रीपासून दर दोन तासांनी तिनं आईची कूस बदलली, उशी कुठं लावायची ते दुसऱ्या मुलीला शिकवलं, सिस्टरला भांडून एअर बेड आणायला लावला. डाग गेला. तिला कुठला डिप्लोमा नाही. स्वतःच्या सासूचं केलं म्हणे सहा वर्षं. अशा बाईला जास्त पगार देऊन टिकवायला पाहिजे, तर अकरा महिन्यांत तिच्या बरोबरच्या पाच मुली सोडून गेल्या. जागा बघायला जाल तेव्हा आयांना हळूच विचारा, किती दिवस झाले इथं? सगळ्या दोन-तीन महिन्यांच्या असतील तर समजून जा.

सोयींबद्दल थोडक्यात. लायब्ररीत तरुण भारत रोज येतो, आई चष्मा लावून आधी निधन वार्ता वाचते मग बाकीचं. फिजिओ आठवड्यातनं तीन दिवस, चांगला मुलगा आहे, त्याच्यामुळं आई वॉकरवरून काठीवर आली, याचे पूर्ण मार्क. जेवण घरच्यासारखं, आमटी भात, ज्वारीची भाकरी, दात नसणाऱ्यांना भाकरी आमटीत कुस्करून देतात, दिवाळीला कुंदा होता. चालायचा ट्रॅक बघायला सुंदर पण गुळगुळीत फरशीचा, आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जूनपासून त्यावर शेवाळ धरलंय, कठडा नाही, म्हणजे नेमके चार महिने तो बंद. सोलरचं गरम पाणी पावसात येत नाही, जुलैमध्ये दहा दिवस म्हाताऱ्या माणसांना कोमट पाण्यानं अंघोळ. गिझर बसवा म्हणून आम्ही पंधरावीस घरच्यांनी सही करून अर्ज दिला, खालच्या मजल्यावर बसवले, वर अजून नाहीत. जनरेटर आहे, लिफ्ट त्याच्यावर चालते, हे मी लाईट गेलेली असताना स्वतः बघितलंय.

व्हॅनचं मात्र मनाला लागलं. २०२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून शहरभर लायटिंग होतं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकच अधिवेशन, १९२४ चं. तिथल्या एका नव्वदीच्या आजींचे वडील त्यात स्वयंसेवक होते, त्या रोज सगळ्यांना सांगायच्या, त्या अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीतली काँग्रेस विहीर मला दाखवा एकदा. ट्रिप काढली, जाहीर केलं, आणि व्हॅनची पायरी एवढी उंच की व्हीलचेअरवाले आणि वॉकरवाले सगळे मागं राहिले. त्या आजी पण. आई पण. चालणारे तेरा जण जाऊन आले. नेसलेलं नवं लुगडं तसंच अंगावर ठेवून त्या आजी हॉलमध्ये बसून होत्या असं आईनं सांगितलं. एक लाकडी रॅम्प करायला किती खर्च येतो? पुढच्या रविवारी त्यांच्या नातवानं गाडी आणून उचलून नेलं त्यांना, लायटिंग संपलेलं होतं, पण विहीर बघितली.

पैसे. डिपॉझिट ३ लाख, महिन्याला ३२ हजार, डायपर आणि औषधं वेगळी, खास आया पाहिजे तर शिफ्टला आणखी ६०० रुपये. माणूस दवाखान्यात असला तरी त्या दिवसांचे पैसे बिलातनं कमी करत नाहीत. दरवर्षी दहा टक्के वाढ. डिपॉझिटमधनं वर्षाला काही टक्के कापायची अट आतल्या पानावर होती, भावानं वाचली म्हणून सापडली, ती आम्ही बोलून कमी करून घेतली.

अजून एक, थोडं विषयाबाहेरचं. तिथं एका काकांनी घर पुतण्याच्या नावे करून दिलं आणि पुतण्या आता फी भरत नाही. बक्षीसपत्र करताना "सांभाळ करायचा" ही अट त्यात लिहून घ्या, मग २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ते रद्द करून मागता येतं, अर्ज प्रांताकडं करायचा. १४५६७ ही हेल्पलाईन आहे, फोन फुकट आहे, काकांनी तिथंच आधी विचारलं.

पाचपैकी साडेतीन देते. जानेवारीपासून रात्रीला एक सिस्टर आणि तिसरी आया ठेवलीय, आमच्या मागं लागण्यानं का होईना. आता रात्री बेल दाबली की तीन-चार मिनिटांत येतात, आई वेळ लिहून ठेवते वहीत, तिचं तिनंच सुरू केलंय. खोली घेणार असाल तर खालच्या मजल्यावरची, सिस्टरच्या टेबलाजवळची मागा, भाडं तेवढंच आहे.

काल फोन केला तर आक्का गावाकडं गेलीय चार दिवस, रात्रीला नवीन पोरगी आहे. म्हटलं, मग कसं चाललंय? आई म्हणाली, "बरी हाय पोरगी. काल तिला 'दुखालंय' म्हंजे काय ते शिकवलो, आज 'ओढ लागालीय' शिकवणार हाय."