सुट्टीच्या घरात रात्रीचं जेवण: मुगाची खिचडी की कुळथाची पिठी?

कोकणात चार-पाच दिवसांसाठी स्वयंपाकघरासकट घर घेतलं, की दुपारच्या जेवणाची फारशी चिंता नसते. दुपारी आपण बाहेरच असतो, दापोली-गुहागरच्या पट्ट्यात घरगुती खाणावळी आहेत, आणि मासे खायचे तर तिथेच, गरमागरम ताटात पडतील तसे खावेत. खरा प्रश्न रात्रीचा. सात-साडेसातला सगळे वाळूने माखून समुद्रावरून परततात, मुलं भुकेने किरकिरायला लागलेली असतात, आणि आता पुन्हा गाडी काढायचा कोणालाच उत्साह नसतो. शिवाय घरातल्या सगळ्यांनी दोन्ही वेळ बाहेर जेवायचं म्हटलं तर खिशालाही जड जातं.

पोळ्या मी आधीच बाद करतो. भाड्याच्या घरात परात-पोळपाट असेलच असं नाही, आणि सुट्टीत घरातल्या एका माणसाने तासभर ओट्याशी उभं राहायचं हे मला पटत नाही. हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव पाहिला की मासळी घ्यायचा मोह होतो. पण मग ती साफ करा, सिंकमधली खवलं काढा, वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा. आणि बऱ्याच घरमालकांना आत मासे-मटण शिजवलेलं चालतही नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदीच असते, त्यामुळे तो विचार मुळातच मागे पडतो. तयार पाकिटं एकट्या माणसाला ठीक आहेत. कुटुंबाला पुरतील इतकी घेतली तर स्वस्ताईचा मुद्दाच उरत नाही.

उरतात दोन जेवणं: मुगाच्या डाळीची खिचडी, आणि कुळथाची पिठी-भात. दोन्हींना ताजी भाजी लागत नाही, फ्रिज लागत नाही, आणि एका सुरमई थाळीच्या पैशात घरातले सगळे पोटभर जेवतात.

खिचडीच्या बाजूने बोलावं तेवढं थोडं. डाळ-तांदूळ एकत्र, एकच भांडं, एकच शेगडी. दुसरा बर्नर मिणमिणता असला तरी अडत नाही. लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना चालते, दिवसभराच्या उन्हानंतर पोटाला बरी वाटते, आणि वर तूप, बाजूला पापड-लोणचं असलं की कोणी तक्रार करत नाही. आपल्या घरी करायची असेल तर मीही डोळे झाकून खिचडीच करेन.

पण सुट्टीचं घर आपलं नसतं, आणि तिथला कुकर तर आपला नसतोच नसतो. माझं मत फिरलं ते या कुकरमुळे. भाड्याच्या घरातला कुकर कोणा एकाचा नसल्यामुळे त्याची रिंग बदलायची वेळ कधी झाली हे कोणाच्या लक्षात येत नाही. गुहागरजवळच्या एका घरात आम्हाला असाच कुकर मिळाला. डाळ-तांदूळ धुऊन, फोडणी देऊन झाकण लावलं, तर हँडलच्या खालून वाफेची बारीक धार सुरू झाली आणि शिट्टी काही येईना. रिंग काढून गार पाण्यात घातली, मग थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवली. रिंग जराशी सैल झाली असेल तर या उपायाने एखादी वेळ निभावते. एक शिट्टी झाली आणि पुन्हा तेच. शिट्टीच नाही म्हटल्यावर पाणी किती उरलंय याचा अंदाज येत नाही. झाकण उघडावं तर वाफ घालवत बसा, न उघडावं तर खालून करपल्याचा वास. शेवटी तळाला काळा थर, वरती कचकचीत डाळ, आणि मुलं बिस्किटं खाऊन झोपेला आलेली. पुढेही वेगवेगळ्या घरांत कधी रिंग, कधी शिट्टी, कधी हँडलचा स्क्रू असं काही ना काही निघतच राहिलं. परका कुकर वापरायचाच असेल तर आधी शिट्टीचं भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का पाहा, आणि मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

आपला कुकर बरोबर न्यावा, असं बरेच जण सुचवतात. नेता येतो, आम्हीही नेला आहे. पण डिकीत पाच लिटरचा कुकर ठेवला की एका पिशवीला जागा उरत नाही, आणि एसटीने किंवा रेल्वेने जाणाऱ्यांना हे सांगण्यात अर्थ नाही. उघड्या पातेल्यात खिचडी होते, नाही असं नाही. पण डाळ मऊ व्हायला वेळ लागतो आणि कोणाला तरी ढवळत उभं राहावं लागतं.

पिठीला यातलं काही लागत नाही. एक पातेलं भाताचं, दुसरं पिठीचं, दोन्ही उघडी. समुद्रावरून आल्याआल्या तांदूळ धुऊन भिजत घालायचे आणि सगळ्यांनी आंघोळी उरकायच्या. भिजलेला साधा बारीक तांदूळ पंधरा-वीस मिनिटांत पातेल्यात मोकळा शिजतो. (उकडा तांदूळ मात्र इथे नको, त्याला फार वेळ लागतो.) भात होत आला की दुसऱ्या पातेल्यात तेल, मोहरी, हिंग, हळद, तिखट आणि ठेचलेला लसूण. खलबत्ता नसतोच, वाटीच्या बुडाने ओट्यावर पाकळी दाबली की काम होतं. लसूण लालसर झाला की लिटरभर पाणी, मीठ आणि तीन-चार आमसुलं. पाऊण वाटी कुळथाचं पीठ आधी गार पाण्यात कालवून ठेवलेलं असतंच, ते उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचं आणि ढवळत राहायचं. पहिली मिनिटभर नुसतं गढूळ पाणी दिसतं, आपण पीठ कमी घातलं की काय असं वाटतं, आणि मग एकदम पळीला जडपणा जाणवतो. उकळी फुटून भाजक्या कुळथाचा वास घरभर पसरला की खाली उतरवायची. वरून खोबरं-कोथिंबीर मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी चालतं. वाफाळत्या भातावर पिठी, त्यावर तूप.

बेसनाच्या पिठल्यापेक्षाही मला इथे ही बरी वाटते. पिठल्याला भाकरी हवीशी वाटते आणि रात्री ते जडही पडतं. पिठी पातळ, भातावर ओतायची. कोणी उशिरा जेवणार असेल तर पाण्याचा हबका मारून उकळी आणली की पुन्हा सरळ होते. पीठही घरून न्यायला नको, कोकणमेव्याच्या कुठल्याही दुकानात आमसुलांच्या शेजारीच असतं. फक्त पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, किनाऱ्यावरची दमट हवा पिठाला लगेच धरते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. कुळीथ उष्ण मानतात, त्यामुळे मे महिन्यात घरातली वडीलधारी मंडळी रोज पिठी खायला तयार होणार नाहीत. ज्या मुलांनी ती कधी चाखलेली नाही ती रंग बघूनच नाक मुरडण्याची शक्यता आहे. आमच्या धाकट्याने पहिल्या दिवशी नुसता तूप-भात खाल्ला होता. भांडी दोन पडतात. आणि घरात एखादं तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर मी स्वतः खिचडीच सुचवेन, त्यासाठी डिकीत कुकरला जागा करावी लागली तरी करावी.

घरमालकाला फोन कराल तेव्हा समुद्र किती लांब आहे हे विचारालच, त्याबरोबर कुकरची रिंग केव्हा बदलली तेही विचारा. ‘नवीनच आहे’ असं ठामपणे सांगितलं तर डाळ बांधून घ्या. थोडं थांबून ‘आहे कुकर, आहे’ असं उत्तर आलं, तर तांदूळ, हिंग, लसूण आणि तुपाची बरणी एवढंच घ्या. कुळथाचं पीठ तिथे पोचल्यावर मिळेल.