धुक्यातला योझिक आणि माझे २,३३,५०० रूबल

आधीच सांगते, मी काही काल मॉस्कोत उतरलेली नाही. अकरा वर्षं झाली. रशियन पुण्यात शिकले, इथे औषध कंपनीत कागदपत्रांचंच काम करते. शिक्के, सह्या, दाखले तपासण्यात माझा दिवस जातो. तरीही जुन्या कार्टूनची खोटी चित्रं घेऊन २,३३,५०० रूबल गेले. रुपयांत साधारण तेवढेच धरा. नवऱ्याला मी दीड लाख सांगितलेत.

सुरुवात नेहमीचीच. पहिला माल खरा देतात. रविवारच्या जुन्या बाजारात, समोवार आणि फौजी टोप्यांच्या गल्लीच्या टोकाला, सत्तरीचा एक गृहस्थ बसायचा. त्याच्याकडून 'नू, पगदी!' या सोव्हिएत कार्टून मालिकेतल्या लांडग्याचं पेन्सिलचित्र ६,००० रूबलना घेतलं. पिवळा पडलेला कागद, कडेला पिनांची भोकं, कोपऱ्यात क्रमांक, धावत्या लांडग्याचा एकच पाय नीट काढलेला आणि बाकी नुसत्या रेघा. ते चित्र खरं निघालं, म्हणून नुकसानीत धरलेलं नाही. पण त्याच चित्राने मला आंधळं केलं.

तिसऱ्या रविवारी त्याने विचारलं, "दोच्का, तू हिंदुस्थानी ना?" दोच्का म्हणजे लेकी. मग म्हणाला, त्याची आई सयूझमूल्तफिल्म या कार्टून स्टुडिओत रंगकाम करायची, आणि लेव्ह अतामानव्हच्या १९५४च्या 'सोनेरी हरिणी'वर तिचा हात फिरलाय. भारतीय लोककथांवरचा सिनेमा: लोभी राजा, खुरांतून सोनं उडवणारी हरिणी, आणि राजा "पुरे" म्हणाला की सगळ्या सोन्याच्या खापऱ्या. गिऱ्हाईक बघून गोष्ट काढली होती त्याने. मला तेव्हा भरून आलं होतं, काय सांगू.

घरी बोलावलं. चहा, कोबीची पिरोगी, भिंतीवर स्टुडिओतल्या बायकांचा फोटो (त्यातली आई कुठली हे मी विचारलंच नाही). आणि अल्बम. पारदर्शक सेल्युलॉइडच्या, ज्यांवर कार्टूनची पात्रं रंगवायचे, अशा १४ शीट. लांडगा-ससा पाच, खित्रूकच्या १९६९च्या विन्नी पुखच्या (म्हणजे रशियन 'विनी द पू' अस्वलाच्या) चार, हरिणीच्या चार आणि शेवटी एक योझिक. म्हणाला, स्टुडिओत शीट धुऊन परत वापरायचे, आईने एवढ्याच लपवून घरी आणल्या. शीट धुऊन वापरायचे हे खरंच आहे, त्यामुळेच दहा मिनिटांच्या चित्रपटाला हजारो चित्रं लागूनही जुन्या शीट फार उरलेल्या नाहीत. खोटं बोलणारा माणूस नव्वद टक्के खरंच बोलतो.

आता तो योझिक. धुक्यात हरवणारा काटेरी छोटा हेजहॉग, दिग्दर्शक नॉर्श्टाइनचा, १९७५चा. तो चित्रपट असा अख्ख्या शीटवर रंगवून केलेलाच नाही हो! चित्रकार यार्बूसव्हाने रंगवून कापलेली पात्रं, पाय वेगळा, डोकं वेगळं, काचेच्या थरांवर मांडून चिमट्याने सरकवायची आणि वरून कॅमेऱ्याने एकेक फ्रेम टिपायची. धुकंसुद्धा पातळ अर्धपारदर्शक कागद हळूहळू भिंगाकडे उचलत आणलेलं. मग अख्ख्या शीटवर रंगवलेला योझिक येईल कुठून? आणि हे मला माहीत होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी लेकीला मीच समजावून सांगितलं होतं, सोफ्यावर बसून, हातवारे करून.

मी विचारलंसुद्धा. पापणी न लववता तो म्हणाला, "चाचणी होती ती. आधी नेहमीच्या पद्धतीने करून बघितलं, मग सोडून दिलं. म्हणून तर ही एकच आहे." मी तेव्हा उठायला हवं होतं. पण मला आनंद झाला. वाटलं, जगात कुणाकडे नाही ते आपल्याला मिळतंय. एकूण २,१५,००० पैकी त्या एका शीटचे त्याने ५५,००० लावले, आणि मी त्यातले पाच हजारही कमी करायला सांगितले नाहीत. पुण्यात मंडईत मी कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करते.

४०,००० रोख दिले. १,७५,००० फोन नंबरवर पाठवले, तर पडद्यावर नाव भलतंच आलं. "पुतण्याचं खातं." नाव वेगळं दिसलं की तिथेच फोन खिशात घाला, पुतण्या असो नाहीतर पणजोबा. मग आणखी १८,५०० 'भारतात न्यायच्या परवान्याचे'. जुनी कलावस्तू रशियाबाहेर न्यायची तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो हे खरं, पण तो तज्ज्ञ आपण शोधायचा, सांस्कृतिक मंत्रालयाच्या यादीतून. विकणाऱ्याने आणून दिलेला शिक्का म्हणजे शाईचा डाग. हे मी लिहितेय, जी रोज शिक्केच तपासते.

भांडं फोडलं फ्रेमवाल्याने. त्याने भिंग धरलं आणि बाह्यरेषेत बारीक ठिपके दिसले. छापील! मागून ॲक्रेलिकचे फटकारे मारलेले. खऱ्या शीटवर रेषा शाईची असते, रंग मागच्या बाजूने जाडसर बसलेला असतो, कुठे तडकलेला, कुठे सुटलेला. आणि लांडगा-ससा एकाच शीटवर, पोस्टरसारखे हसत उभे? कामाच्या शीटवर पात्रं बहुधा वेगवेगळ्या थरांत असतात. कधी नुसता हात, कधी तोंडाशिवाय चेहरा. शीट जितकी देखणी, तितका जास्त संशय घ्या.

आता पोलीस. पहिल्या दिवशी साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्या दिवशी "कार्टून?" म्हणून शेजारच्याला हाक मारून दोघं हसले. "चित्रं तुमच्याकडेच आहेत ना, मग चोरी कसली?" चोरी नाही, फसवणूक, कलम १५९, मी म्हटलं. तक्रारीची पोच द्यायलाही तयार नव्हते, खुर्चीवरून हलणार नाही म्हटल्यावर दिली. (पोच, म्हणजे 'तलोन', घेतल्याशिवाय बाहेर पडूच नका.) दहाव्या दिवशी पत्र: गुन्हा दाखल करण्यास नकार, हा दिवाणी स्वरूपाचा व्यवहार आहे. दिवाणी दाव्याला समोरच्याचं पूर्ण नाव हवं. ज्या फ्लॅटमध्ये चहा प्यायले तो भाड्याचा, चार दिवसांचा. नाव पोलिसांनी बँकेकडून काढायचं, तर ते म्हणतात गुन्हाच दाखल नाही, कुठल्या हक्काने मागू? बँक म्हणते, कोड तुम्हीच टाकलात, आणि खातेदाराची माहिती पोलिसांशिवाय कुणाला देत नाही. बाजाराचं ऑफिस म्हणतं, त्या कोपऱ्यात आमचा गाळाच नाही, तिथे कुणी बसतच नाही. कुणी बसतच नाही! सात रविवार मी कुणाशी बोलत होते मग?

यादीतल्या खऱ्या तज्ज्ञाकडे गेले, ७,००० देऊन. ते वरच्या आकड्यात धरलेलेच नाहीत. अहवाल आला: आधुनिक छपाई, सांस्कृतिक मूल्य नाही, देशाबाहेर नेण्यास परवान्याची गरज नाही. पोलिसांनी तो बाजूला सारला, कारण खाजगीरीत्या आणलेला. सरकारी वकिलांच्या कार्यालयात, प्रकुरातुरात, अर्ज केलाय. तीस दिवस म्हणाले, आज त्रेचाळिसावा.

नवऱ्याच्या ऑफिसातली एक मुलगी गेल्या रविवारी त्या बाजारात गेली होती. त्याच कोपऱ्यात तोच माणूस, मांडीवर अल्बम. चाचणीचा एकमेव योझिक आता ७०,००० ला आहे.