‘येस्टरडे’ आधी की शेवटी?

परवा भाचीनं वही पुढे केली: ‘आय येस्टरडे टू सराफा वेंट.’ (सराफा म्हणजे इंदूरचा खाऊबाजार.) सरळ मराठीच! आपलं क्रियापद शेवटी बसतं. इंग्रजीत ‘वेंट’ कर्त्याला लागून येतं आणि बाकीचा लवाजमा त्याच्यानंतर.

मग ‘येस्टरडे’ कुठे? जागा दोन. ‘आय वेंट टू सराफा येस्टरडे’ ही रोजची: आधी स्थळ, मग काळ. आपल्या ‘काल सराफ्यात गेले’च्या नेमकं उलट, म्हणून इथेच पाय घसरतो. ‘येस्टरडे आय वेंट टू सराफा’ हेही बरोबर, पण त्यात कालवर जोर. आज राजवाड्याला गेले, असं पुढे सांगायचं असेल तर हेच शोभतं. एरवी मी पहिलंच लिहायला सांगते.

‘आत्या, आणि क्विकली?’

ते इथे कर्माच्या पलीकडे: ‘आय एट द गराडू क्विकली.’ ‘एट क्विकली द गराडू’ चालत नाही. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये कोणी घुसलेलं इंग्रजीला खपत नाही. (गराडू म्हणजे तळलेला कंद; तो गरमगरम भराभर खाणं जिभेलाही खपत नाही, ते वेगळं.) ‘ऑलवेज’ मात्र ‘वेंट’च्या आधी, पण ‘वॉज’नंतर: ‘आय वॉज ऑलवेज लेट.’ हे वाक्य तिनं न अडखळता लिहिलं.